बिनशर्त सर

बरकतपुऱ्यातल्या त्या घराच्या फाटकावर इंग्रजी अक्षरांत पाटी होती : 'मुलगी टु लेट'. पुण्याहून येऊन मला तिसराच दिवस होता आणि खोली शोधत मी उन्हातान्हात हिंडत होते. पाटी वाचली आणि मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. पोलिसांना आधी फोन करावा की आईला, ते ठरत नव्हतं. हैदराबादेत दुकानाच्या गाळ्याला मलगी म्हणतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात फाटक उघडून एक उंच, वाळकुडे गृहस्थ बाहेर आले. अंगात बनियन, पण पॅन्ट कडक इस्त्रीची, तिला पट्टा, पायात बूट. कमरेच्या वर ते घरी होते आणि कमरेच्या खाली कॉलेजला निघाले होते.

"खोली पाहिजे?" त्यांनी सरळ मराठीतच विचारलं.

"मी मराठी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"पाटी वाचून एवढं घाबरणारं दुसरं कोण असणार? दर सालाला एक-दोन येतात. मलगी गेली, दर्ज्यानं घेतली. वरची खोली हाय. बघून घे."

खोली चांगली होती. मी म्हटलं, "काका, मी एका आयटी कंपनीत—"

"काका म्हणू नक्को. काका म्हटलं की लोक भाड्यात सूट मागतात. सर म्हण."

"बरं, सर. मी एका कंपनीत आहे, घरचे लोक पुण्याला असतात, मला खोली हवी त्याचं कारण—"

त्यांनी ट्रॅफिकच्या पोलिसासारखा पंजा उभा केला. "कारण सांगू नक्को. तुला खोली पाहिजे, माझ्याकडं खोली हाय. मध्ये कारण कशाला घुसवूलालीस?"

पुण्यात घरमालकानं मला आजोबांचं मूळ गाव विचारलं होतं. इथे माझं आडनावसुद्धा कोणी विचारलं नाही. मला वाटलं, माणूस उर्मट आहे. पुढे कळलं की हे सरांचं तत्त्वज्ञान होतं, आणि त्यापायी गल्लीत त्यांचं नाव 'बिनशर्त सर' असं पडलेलं होतं.

सर नारायणगुड्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला त्यांनी उभ्या आयुष्यात 'का रे?' म्हणून विचारलं नाही. त्यामुळे त्यांचा तास सुरू होऊन वीस मिनिटं झाली तरी पोरं येतच असत. सर म्हणायचे, "पण जे यायचे ते खोटं बोलून यायचे नाहीत." बँकेत, पोस्टात, कुठेही फॉर्म भरताना 'कारण' असा रकाना आला की ते तिथे सुवाच्य अक्षरांत लिहीत, 'आहे'. बँकेतला कारकून डोकं धरून बसे. "सर, काय कारण आहे ते लिहा." "ते आहे, एवढं मी लिहून दिलं. काय ते तू विचारू नक्को, मी सांगत नाही." चोवीस तासांत पैसे मिळत, कारण कारकून त्यांचाच विद्यार्थी निघे.

त्यांची मराठी नांदेडकडची. घरचे लोक जुन्या निजामी मुलखातले शेतकरी. पण सत्तरीच्या वाटेवर त्यांच्या बोलण्यात दखनी आणि तेलुगू इतकी मुरली होती की एकाच वाक्यात तीन भाषा यायच्या आणि एकमेकींना धक्का न लावता निघून जायच्या.

हे कारणाचं वेड कुठून आलं, ते एकदा त्यांनी मला गॅलरीत उभ्या उभ्या सांगितलं. ते बी.ए.ला असताना वडील गेले. गावाकडे आईला सरकारी मदत मिळण्यासारखी होती. ते आईला घेऊन तहसील कचेरीत गेले. साहेबापुढे नीट दिसावं म्हणून त्यांनी होस्टेलमधल्या मित्राचा इस्त्रीचा शर्ट मागून आणला होता. साहेबानं आईच्या कागदाकडे पाहिलंच नाही, शर्टाकडे पाहिलं. म्हणाला, "ज्याच्या पोराच्या अंगात असा शर्ट, ती बाई गरीब कशी?" आणि कागद परत केला.

"आई वाटभर त्या कागदाची घडी नीट करत राहिली," सर म्हणाले. "घरी आल्यावर म्हणाली, शर्ट जपून दे रे परत, दुसऱ्याचा हाय." मग एकदम खाकरून म्हणाले, "जा आता. ऑफिसला उशीर होऊलाला तुला."

तेव्हापासून सरांचं ठरलं होतं : देशात जन्मलेल्या प्रत्येकाला दर महिन्याला थोडे पैसे मिळाले पाहिजेत. गरीब आहेस का, म्हातारा आहेस का, काम शोधतोस का, काहीही विचारायचं नाही. राजाला तेवढेच, रंकाला तेवढेच. जगभरच्या पंडितांनी यावर काय काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं. पण ते सांगायला त्यांना श्रोते दोनच होते.

त्यातले एक कॉम्रेड. बसच्या वर्कशॉपात फिटर होते, युनियनमध्ये जन्म गेला. दुसरे सेठ. त्यांचं गौलीगुड्यात दोर आणि ताडपत्र्यांचं दुकान. तिघे गावाकडच्या एकाच शाळेचे. रोज सकाळी साडेसातला नारायणगुड्याच्या चौरस्त्यावरच्या इराणी हॉटेलात तिघे बसत. कॉम्रेड डावीकडे, सेठ उजवीकडे, मध्ये सर. रविवारी मीही जाऊ लागले, कारण तिथला पौना, म्हणजे जास्त दुधाचा घट्ट चहा, मला आवडू लागला होता आणि भांडण त्याहून आवडू लागलं होतं.

चाळीस वर्षं त्या दोघांचं कुठल्याही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. मग सरांनी हा विषय काढला, आणि कॉम्रेड म्हणाले, "द्यायलाच पाहिजेत सगळ्यांना." सेठ म्हणाले, "हौ, द्यायला पाहिजेत." दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. सर सांगत, एकमत झालं त्या दिवसापासून त्यांचं खरं भांडण सुरू झालं.

"तू कशाला हो म्हणूलालास बे?" कॉम्रेडनी विचारलं. "तुझ्या पोटात काय हाय?"

"माझ्या पोटात काही नाही. रोख पैसे देऊन टाका आणि बाकी सगळं बंद करा. रेशन बंद, योजना बंद, खाती बंद, ते फायली घेऊन फिरणारे साहेब बंद. माणूस बाजारात जाईल, पाहिजे ते घेईल."

"म्हणजे शाळा, दवाखाने पण बंद?"

"ज्याला पाहिजे तो पैसे देऊन जाईल."

"मी म्हणतो, शाळा पाहिजे, दवाखाना पाहिजे, रेशन पाहिजे, आणि त्याच्या वर हे पैसे पाहिजेत. का? तर मालक शिवी देऊलाला तर मजुराला उठून जाता आलं पाहिजे. घरात महिन्याचे तांदूळ असले की माणूस 'नाही' म्हणू शकतो. आम्ही संप करायचो तेव्हा पोटाला हेच पाहिजे होतं."

सरांनी बशीत चहा ओतला आणि मला म्हणाले, "बघितलंस पुणेकर? एकाला 'वर' पाहिजे, एकाला 'ऐवजी' पाहिजे. शब्द तोच, पैसे तेच. पण ह्याचं राज्य आलं तर दवाखाना राहील आणि त्याचं राज्य आलं तर पावती राहील. आपली सगळी पोरं शब्द ऐकून टाळ्या वाजवतात. 'वर' की 'ऐवजी', ते कोणी विचारत नाही."

"आणि तुम्ही कुठले, सर? डावे की उजवे?"

"मी आईच्या बाजूचा," सर म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

एका रविवारी मी सांगितलं की आमच्या धंद्यातले मोठमोठे मालकही हल्ली हेच म्हणताहेत. यंत्रच सगळी कामं करणार, तेव्हा लोकांना महिन्याचे पैसे द्या. त्यावर पहिल्यांदाच तिघे एकदम हसले. कॉम्रेड म्हणाले, "काम काढून घेतो आणि वर शिधा देतो म्हणतो. हा नवा जहागीरदार." सेठ म्हणाले, "गिऱ्हाईकच उरणार नाही म्हणून घाबरला असेल. दुकानदाराचं काळीज मी ओळखतो."  मग सर मात्र माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले.

नुसतं बोलून सरांचं भागेना. त्यांनी ठरवलं की सरकार करील तेव्हा करील, आपण आपल्या अंगणापुरतं सुरू करू. त्यांचं घर पेन्शनवर चालत होतं. माझं भाडं आणि दर्ज्याच्या मलगीचं भाडं एकत्र करायचं आणि कंपाउंडात राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या प्रत्येकाला समान वाटून टाकायचं. माणसं पाच : सर, त्यांची बायको म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकाला येणारी यादम्मा, मलगीत शिवणाचं मशीन टाकलेले दर्जी गफूरभाई, आणि मी. रक्कम सांगत नाही, कारण ऐकून तुम्ही हसाल. पण एक तारखेला सकाळी सर खरोखरच पाच पाकिटं घेऊन अंगणात आले आणि प्रत्येकाच्या हातात पाकीट देण्याआधी पाऊण तास नागरिकत्वावर बोलले.

गफूरभाई पाकीट उलटसुलट करून बघत होते. "सर, मैं आपकू किराया देतूं. उसमें से आप मेरेकू वापस देते. तो सीधा किरायाच कम कर देव ना!"

"किराया कम किया तो मेहरबानी होती," सर म्हणाले. "ये हक है."

"पैसे तो उतनेच हैं, सर."

"पैसे उतनेच हैं. गर्दन अलग है. मेहरबानी लेते वक्त झुकती, हक लेते वक्त नै झुकती."

गफूरभाईंनी मान ताठ करून पाहिली. त्यांना आधीच मानेचा त्रास होता. "हौ सर," म्हणून ते मशीनवर जाऊन बसले.

काकूंनी पाकीट घेतलं, उघडलं आणि नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला पण एवढेच?"

"समान. सगळ्यांना समान."

"तुम्ही दिवसभर खुर्चीत बसून बोलता. मी पहाटेपासून उभी असते. हे समान कसं झालं?"

सर म्हणाले की काम मोजायचं नाही, हाच तर ह्यातला मुद्दा आहे. काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं कोणी मोजलं नाहीच." आणि पाकीट कमरेला खोचून आत गेल्या. सरांनी हे वाक्य विरोधी मत म्हणून वहीत टिपून ठेवलं.

मला ती पाकिटं गंमत वाटायची. मग त्या हिवाळ्यात आमच्या ऑफिसातली अर्धी टीम एका सकाळी कॉलवर बोलावली गेली आणि कॉल संपेपर्यंत माझी नोकरी गेलेली होती. मी कोणाला सांगितलं नाही. पुण्यालाही नाही. रोज सकाळी तयार होऊन, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून मी फाटकातून बाहेर पडायची आणि नारायणगुड्याच्या एका वाचनालयात पंख्याखाली बसून अर्ज करायची. तिसऱ्या आठवड्यात मी मान वर केली तर पलीकडच्या टेबलाशी सर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मला पाहिलं. मंगळवारची दुपार होती. कुठलंही ऑफिस त्या वेळी वाचनालयात भरत नाही. मी ओठावर कारण जुळवू लागले. सर उठले, वर्तमानपत्राची घडी जागेवर ठेवली आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "पंखा तिकडं चांगला हाय. खिडकीजवळ बस." आणि निघून गेले.

एक तारखेला पाकीट आलं. त्या महिन्याचं भाडं मी दिलं नव्हतं. मग मला नवी नोकरी लागेपर्यंत आणखी दोन महिने दिलं नाही. पाकीट दर महिन्याला आलं आणि माझ्या भाड्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. पाकिटं मात्र बारीक झाली होती, सगळ्यांचीच. गफूरभाईंनीसुद्धा काही विचारलं नाही. त्या तीन महिन्यांत माझ्या पोटात अन्न राहिलं ते कशामुळे, ते मला ठाऊक आहे.

आता यादम्माचं सांगते, कारण सरांची खरी परीक्षा तिनं घेतली.

यादम्मा पन्नाशीची. पलीकडच्या बस्तीत राहायची. तीन घरी स्वयंपाक करायची, त्यातलं सरांचं घर पहिलं, पहाटे साडेपाचचं. कारण साडेसातला इराणी हॉटेलात पोचायच्या आधी सरांना दोन गरम भाकऱ्या आणि टमाट्याची चटणी लागे. पाकिटं सुरू होऊन सात महिने झाले आणि एका सकाळी यादम्मा स्वयंपाक आटोपून, पदराला हात पुसत सरांपुढे येऊन उभी राहिली.

"सारू, कल से नै आती मैं."

"बरं नाही का?"

"अच्छीच हूं. तीन घरां थे, अब दो बस हैं."

सरांचा हात चटणीत थांबला. "मग... हेच घर का सोडूलालीस?"

यादम्मा समजुतीनं म्हणाली, "सारू, उनके घर को नै गई तो पैसे बंद होते. आपके घर को नै आई तो भी पाकिट आताच ना? आपीच बोले थे. काम करो, नक्को करो."

ती गेल्यावर काकू दारात उभ्या राहून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. सरांनी मात्र पुढच्या एक तारखेला यादम्माचं पाकीट स्वतः बस्तीत नेऊन दिलं. ह्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

सेठ म्हणाले, "बघ! फुकट दिलं की माणूस काम सोडतो."

कॉम्रेड म्हणाले, "बघ! पगार कमी देऊलालास, म्हणून सोडलं. तिनं 'नाही' म्हटलं. हा विजय हाय, तू रडूलालास कशाला?"

"मी रडत नाही," सर म्हणाले. "मला भूक लागली."

चार दिवस काकूंनी साडेपाचला उठून भाकऱ्या केल्या. पाचव्या दिवशी त्यांनी लहानशी बॅग भरली. "यादम्माला 'नाही' म्हणायचा हक्क आहे, तर मला पण आहे. मी नांदेडला बहिणीकडं चालले. सात महिन्यांची पाकिटं साठलेली आहेत, तुमच्याकडून काही नको."

"कधी येशील?"

काकूंनी ट्रॅफिकच्या पोलिसासारखा पंजा उभा केला.

अशा रीतीनं एकाच आठवड्यात दोन बायका स्वतंत्र झाल्या आणि राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक स्वयंपाकघरात एकटे उरले. पहिल्या दिवशी त्यांनी उपमा केला. रवा आधी टाकला, पाणी मागून आठवलं. धूर पाहून गफूरभाई कात्री हातात घेऊनच आत धावले. दुसऱ्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता सर वहीत काहीतरी लिहू लागले आणि शिट्ट्या हुकल्या. डाळीचा जो काही पदार्थ झाला त्याचा वास घेऊन गफूरभाईंनी, "सर, ये कपडे को मांडी देने को अच्छा है," म्हणजे कपड्यांना खळ द्यायला बरा, असा निकाल दिला. मी सकाळी पाव आणून देई. संध्याकाळी सर गुपचूप केळी खात.

तिसऱ्या दिवशी सेठ घरून डबा घेऊन आले, मागोमाग कॉम्रेड. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, वर हिरवी मिरची. डब्यावर हात ठेवून म्हणाले, "आधी कबूल कर की माणसं आळशी होतात. मग उघडतो."

सरांनी डब्याकडे पाहिलं.  "सशर्त भाकरी मी खात नाही," ते म्हणाले.

कॉम्रेडनी सेठांच्या हातून डबा हिसकावून उघडला. "खा रे. काही कबूल करू नक्को. फक्त एवढं मान की तिला पगार कमी होता."

"ही पण अटच हाय," सर म्हणाले आणि उठून आत गेले. मग दोघांनी डबा तसाच ओट्यावर ठेवला, पाठ फिरवली आणि निघून गेले, मीही वर गेले. दहा मिनिटांनी मी खाली आले तर डबा धुऊन पालथा घातलेला होता.

आठव्या दिवशी सरांनी मला सांगितलं, "तुझी स्कूटर काढ. बस्तीत जायचंय."

यादम्माचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची सावली. सकाळचे आठ वाजून गेले होते. ती बाजेवर बसून निवांत चहा पीत होती, केस मोकळे. मी तिला असं बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. तिनं आम्हाला चहा दिला. सर ऊन किती वाढलंय ते बोलले. नळाला पाणी कधी येतं ते बोलले.  शेवटी त्यांच्या तोंडून ते निघालंच.

"यादम्मा, कैकू? काम सोडून तू करतेस तरी काय?"

जन्मभर जो प्रश्न कोणाला विचारला नाही, तो त्यांनी विचारला.

यादम्मानं कप खाली ठेवला. "पडुकुन्ना," ती म्हणाली. झोपले. मग दखनीत, सावकाश, आम्हाला नीट कळावं म्हणून तिनं सांगितलं. नऊ वर्षांची असताना ती पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला लागली, तेव्हापासून रोज चारला उठायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चारला. पोरगी झाली त्याच्या अकराव्या दिवशी चारला. ऊन बाजेवर येतं, पायाकडून हळूहळू तोंडापर्यंत चढतं, असं तिला शेजारणीनं सांगितलं होतं. तिनं स्वतः ते कधी पाहिलं नव्हतं. "अब रोज देखती मैं, सारू. पहले पाव गरम होते. फिर पेट. फिर उठती."

सरांनी उरलेला चहा संपवला. परत येताना माझ्या मागे स्कूटरवर बसून एवढंच म्हणाले, "मी नापास."

दुसऱ्या दिवशी इराणी हॉटेलात दोघं वाटच बघत होते. सरांनी सांगितलं, ती झोपते. दोघांचे चेहरे पडले.

"नुसती झोपते?" कॉम्रेड म्हणाले. "निदान बायांना जमवून संघटना तरी..."

"निदान एखादी इडलीची बंडी, हातगाडी तरी टाकायची," सेठ हळहळले. "भांडवल मी दिलं असतं."

सरांनी बशी इतक्या जोरात ठेवली की काउंटरवरचा इराणी उठून उभा राहिला. "तुम्ही दोघं तहसीलदार हायेत! ह्याला ती मोर्चात पाहिजे, त्याला ती गल्ल्यावर पाहिजे. बाई झोपली तर तुमच्या दोघांच्या विचारसरणीला ताप येतो. आणि मी तुमच्याहून मोठा तहसीलदार. मी तिच्या दारात जाऊन विचारलं." मग खाली बसून हळूच म्हणाले, "तिच्या झोपेचा हिशेब मागितला मी."

 आणि मग आठवड्यानं, एका शुक्रवारी संध्याकाळी, यादम्मा आपणहून आली. तिसऱ्या घरचे लोक बंगलोरला चालले होते, त्यांचं काम सुटणार होतं. सरांकडे यायला ती तयार होती, पण आता तिच्या अटी होत्या. ही बातमी कळताच कॉम्रेड तिच्या बाजूनं वाटाघाटी करायला धावत आले आणि सेठ सरांच्या बाजूनं. चौघं जेवणाच्या टेबलाभोवती बसले. मी कागद-पेन घेऊन बसले.

"सकाळी नऊच्या आधी येणार नाही," कॉम्रेड टेबलावर मूठ आपटून म्हणाले.

"मंजूर," सर म्हणाले.

"अरे थांब!" सेठ ओरडले. "साडेसातपासून सुरू कर, आठवर ये."

"रविवारी सुट्टी."

"मंजूर."

"पगार दीडपट."

"मंजूर."

कॉम्रेड चिडले. "थोडं तरी भांड रे! असं कुठं असतंय? चाळीस वर्षांत मला असा मालक भेटला नाही. मजा नाही ह्यात."

"भाजी सारू काटते," यादम्मा म्हणाली. ही अट कॉम्रेडच्या यादीत नव्हती. सर जरा थांबले, पण मंजूर म्हणाले. मग यादम्मानं आणखी एक बोट वर केलं. "और पाकिट देते वक्त वो भाषण नक्को. बिनशर्त बोलते, और पाऊण घंटा खडा करते. मेरे पावां दुखते."

 सेठ खाली मान घालून हसत होते. सरांचे कान लाल झाले होते. "ही अट होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही," ते मला म्हणाले. "लिही. मंजूर."

कराराचा कागद मी फ्रिजवर चिकटवला. तिसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, नांदेडच्या गाडीनं काकू परत आल्या. एकोणीस दिवसांनी. बॅग हातातच होती, चष्मा लावून त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. यादम्मा सुट्टीवर होती. सर तिच्यासाठी दुसऱ्या दिवशीची तोंडली चिरत होते, एकेका तोंडल्याच्या सहा-सहा फोडी मोजून.

"छान झालं," काकू म्हणाल्या. "ह्यात माझं नाव कुठं आहे?"

"तुझं कशाला? तू तर घरचीच," सर म्हणाले, आणि म्हणताना त्यांनाच ते ऐकू आलं. सुरी हातातच राहिली.

काकू टेबलाशी बसल्या. "बोलवा तुमच्या त्या दोघांना. एक माझ्याकडनं, एक तुमच्याकडनं. बायकांचा करार करायचाय म्हणावं."

सरांनी आधी कॉम्रेडना फोन लावला. कॉम्रेडचं बीपी अचानक वाढलं होतं. मग सेठांना लावला. रविवार असूनही सेठांकडे ताडपत्र्यांचा माल उतरत होता. दोघांच्याही घरी बायका होत्या आणि दोघांनाही घरी जायचं होतं. सरांनी फोन ठेवला. म्हणाले, "ह्या एका बाबतीत 'वर'वाला पण येत नाही, 'ऐवजी'वाला पण येत नाही."

"मी लिहून घेऊ का?" मी विचारलं.

"तू जा पोरी, वर जा," काकू म्हणाल्या. मी जिन्यापर्यंतच गेले. गफूरभाईही मलगी अर्धवट उघडी ठेवून पायरीवर येऊन बसले. आतून सरांचा आवाज आला, "बोल. काय काय लिहायचं?"

"लिहायचं मागून बघू. आधी ऐका."

काकूंनी लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली. मांडवात कोण काय म्हणालं, पहिल्या वर्षी कुठली साडी आणायची राहिली, सासूबाईंच्या आजारपणात किती रात्री उभ्यानं गेल्या, नोकरीचा अर्ज भरून ठेवला होता तो कोणत्या ट्रंकेत राहिला. आवाज चढला नाही की ओला झाला नाही. एखादं पुस्तक वाचून दाखवावं तसं त्या सांगत होत्या. मधूनमधून सर फक्त "मग?" म्हणत. गफूरभाईंनी मला हळूच विचारलं, सर बोलत का नाहीत, तब्येत बरी आहे ना?

दुपारचे दोन वाजले, कोणी जेवलं नव्हतं. काकू लग्नाच्या चौथ्या वर्षापर्यंत आल्या होत्या, आणि सर अजून जागचे हलले नव्हते.